पाहुणे गुरुजी

माझ्या गावच्या सरकारी मराठी शाळेतले गुरुजी निवृत्त झाले. शाल-नारळ झाले, डोळे पुसून झाले. पण त्यांची जागा भरली नाही. आले ते अतिथी शिक्षक, वर्षापुरते, मानधनावर. शेजारच्या कन्नड शाळेतही तेच. कपातीचा हुकूम कोणी काढीत नाही. जागा रिकामी ठेवली की पैसा आपोआप वाचतो.

राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सुचविले. तो आकडा अजून दूरच आहे. शाळेतील मंजूर पदांपैकी १० टक्क्यांहून अधिक रिक्त नसावीत, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. मग पाहुण्यांच्या जिवावर शाळा का चालाव्यात?

हे पाहुणे जीव तोडून शिकवतात, हे मी पाहिले आहे. पण पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने पोरांच्या पुढच्या पाच वर्षांची काळजी वाहावी कशी? शिक्षक टिकत नाहीत म्हणून पालक मुले काढतात. आणि पट घटला म्हणून सरकार पद काढते.

मित्रहो, उद्या बी.एड. होऊन आपणही याच रांगेत उभे राहू. तेव्हा मत मागायला येणाऱ्याला मराठी-कन्नड दोघांनी मिळून एकच विचारावे : आमच्या शाळेला घरचे गुरुजी केव्हा देणार?