निर्दोष सुटला आणि जमिनीला मुकला



माझ्या काकाला कोर्टाने निर्दोष सोडलं त्या दिवशी आम्ही किनवटच्या बस स्टँडवर पेढे वाटले होते. चार वर्षांनी वनहक्काचा दावा टाकला, तेव्हा तोच निकाल आमच्या फायलीत लावलेला निघाला आणि त्याच्यावर बोट ठेवून दावा नामंजूर झाला. हे कसं झालं ते सांगतो. कारण हे आमच्या एकट्या घरात झालेलं नाही, आणि पुढच्या पेरणीला पुन्हा अटका होणार आहेत.

२००२ चा मृग. त्या वर्षी ३ मे ला केंद्राच्या वनखात्याने सगळ्या राज्यांना पत्र काढलं, जंगलातली अतिक्रमणं काढा. आमच्या गुड्यावर गार्ड आले, काकाला औतावरून उचललं, औत जप्त केलं. दुसऱ्या दिवशी कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर एक माणूस आम्हाला भेटला. तो वकील नव्हता, वकिलाचा माणूस पण नव्हता. तो म्हणाला, "इथले वकील काय करायलेत? मी तुम्हाला मोठा वकील देतो, जिल्ह्याचा." आम्ही गोऱ्हा विकून पाच हजार दिले. त्यातले वकिलाला किती पोचले, देव जाणे.

वकील हुशार होता, हे मी कबूल करतो. तीन वर्षं केस चालली. शेवटी जज्जसाहेब आरोपीला स्वतः विचारतात, तेव्हा ३१३ चा जबाब म्हणायचे त्याला. त्याच्या आधी वकिलाने काकाला पढवलं: "म्हण, ती जमीन माझी नाही. मी तिथं नांगरत नव्हतो. पायवाटेने चाललो होतो." काकाच्या बापाने ज्या तुकड्यातले दगड वेचून बांध घातला, त्या तुकड्याबद्दल काका कोर्टात बोलला की माझा संबंध नाही. पंच फुटले, काका सुटला. पेढे.

वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा दाखवावा लागतो. पुरावे कोणते चालतात ते २००८ च्या नियमांत, नियम १३ मध्ये लिहिलं आहे. त्यात कोर्टाचे आदेश आणि निकाल पण आहेत. म्हणजे जो कागद आमच्या बाजूचा सगळ्यात भारी पुरावा झाला असता, तोच आमच्यावर उलटला. अपील केलं आहे. काका आता फार बोलत नाही.

वकिलाला शिव्या देणं सोपं आहे. मी पण दिल्या. पण त्याला आपण काय सांगितलं होतं? "साहेब, माणूस सोडवा." त्याने सोडवला. जमिनीचं कोणी बोललंच नाही. त्यानेही विचारलं नाही, आपणही सांगितलं नाही. फौजदारी वकिलाला आरोपी दिसतो, त्याच्या पायाखालचं शेत दिसत नाही. म्हणून मी म्हणतो, आपल्या लढ्यात नुसता फौजदारी वकील असून भागत नाही. गुन्हा कबूल करणं वेगळं आणि वहिवाट सांगणं वेगळं, हा फरक ज्याला कळतो तो वकील पाहिजे. आरोपी गप्प बसू शकतो, घटनेचं कलम २०(३) त्याला स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करू देत नाही. किंवा तो सांगू शकतो की बापजाद्यापासून आम्ही कसतो, दावा टाकलेला आहे, आणि वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत आम्हाला हटवता येत नाही. यातलं काय करायचं ते केस बघून वकिलाने ठरवावं. पण "मी तिथला नाहीच" हे वाक्य आपल्या तोंडात कोणी घालू नये.

आता दुसरी बाजू. काही जण म्हणतात, कशाला कोर्ट न वकील, वनखात्याशी तडजोड कर, दंड भर, मोकळा हो. वनकायद्याच्या कलम ६८ मध्ये तशी तडजोड आहे. गरिबाला ती सोपी वाटते आणि कधी कधी तीच बरी असते, मी नाही म्हणत नाही. पण पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि पावती चुलीत घालू नका. १९९० साली केंद्राने जुनी अतिक्रमणं कायम करायचे नियम काढले, तेव्हा वनखात्याचा गुन्हा अहवाल हाच कब्जाचा मुख्य पुरावा धरला होता. ज्याच्यावर केस झाली त्याची जमीन खरी, ज्याला गार्डाने पैसे खाऊन सोडलं त्याची खोटी! प्रदीप प्रभू यांच्या केसमध्ये १९९१ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की बाकीचे पुरावेही बघा. आपल्या किती म्हाताऱ्यांनी दंडाच्या पावत्या लाजेपोटी फाडल्या याचा हिशेब नाही. ती लाजेची गोष्ट नाही बापा, तो सातबाऱ्याच्या आधीचा सातबारा आहे.

मग वकील शोधायचा कुठे? माझं उत्तर अनेक साथींना आवडणार नाही. जिल्ह्याला नाही, औरंगाबादला तर नाहीच. किनवटच्या माणसाने किनवटच्या कोर्टातच वकील शोधावा. नांदेड इथून सव्वाशे किलोमीटरच्या वर. तिकडचा मोठा वकील तारखेला येतो तेव्हा गाडीभाडं आपलं, नाही आला तर पुढची तारीख, आणि ती तारीख आपल्याला कोणी कळवली नाही तर वॉरंट. इथला वकील संध्याकाळी नाक्यावर किंवा ठाण्यात येऊ शकतो. रविवारी जाऊन शेत बघू शकतो. गट कुठला, कंपार्टमेंट कुठलं, बांध किती जुना, हे डोळ्याने बघितलेला लहान वकील न बघितलेल्या मोठ्या वकिलापेक्षा आपल्या कामाचा आहे. केस सेशनला किंवा हायकोर्टात गेली तर मोठा वकील लागतो, तेव्हा बघू. पहिले चोवीस तास मोठा वकील काही कामाचा नाही, कारण तो तिथे नसतो.

आणि हा वकील फुकट मिळण्याचा आपला हक्क आहे. हक्क म्हणतोय, मेहेरबानी नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. कोठडीत असलेल्यालाही मोफत वकिलाचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. साध्या कागदावर अर्ज द्यायचा, जातीचा दाखला असला तर जोडायचा. सुप्रीम कोर्टाने १९८१ च्या खत्री केसमध्ये सांगितलं की आरोपीला पहिल्यांदा समोर आणतील तेव्हाच मॅजिस्ट्रेटने त्याला सांगितलं पाहिजे, तुला मोफत वकील मिळतो. १९८३ ला शीला बारसे यांच्या केसमध्ये, ती तर आपल्याच महाराष्ट्राची, सांगितलं की अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवावं. आणि १९८६ च्या सुक दास केसमध्ये तर वकिलाचा हक्क सांगितलाच नाही म्हणून शिक्षा रद्द झाली. मी बारावी शिकलो, हे मला कोणत्या मास्तरने शिकवलं नाही. कोर्टाच्या आवारात उभं राहून कळलं. टपरीवरच्या त्या माणसाला हे सगळं पाठ असणार, आणि ते आपल्याला माहीत नाही यावर त्याचं दुकान चालतं.

"फुकटचा वकील नुसत्या तारखा घेतो" असं लोक म्हणतात. काही घेतात, खोटं कशाला बोलू. पण पैसे घेणारे घेत नाहीत का? फुकटचा वकील काम करत नसेल तर समितीकडे अर्ज करून बदलून मागा. आणि तारखेला आरोपी एकटा पाठवू नका. ग्रामसभेची चार माणसं मागच्या बाकावर बसली की वकील पण कागद वाचून येतो. कोलामपोडावरची बाई असेल, मराठी समजत नसेल, तर दुभाषा मागा. साक्ष आरोपीला समजेल त्या भाषेत सांगितली पाहिजे, २०२४ पर्यंत हे फौजदारी संहितेचं कलम २७९ होतं. गोंडी न कोलामी बोलणारा कोर्टात आला तर कोर्ट हसतं, हसू द्या. मागायचं.

पहिल्या दिवशीचं थोडक्यात. अटकेचं कारण सांगितलं पाहिजे, आपल्या माणसाला कळवलं पाहिजे (२०२४ पर्यंत हे फौजदारी संहितेच्या कलम ५० आणि ५० अ मध्ये होतं). प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं पाहिजे, हे घटनेच्या कलम २२ मध्येच आहे. बाईला सूर्य मावळल्यावर अटक करता येत नाही. फारच अपवाद असला तर महिला पोलीस पाहिजे न मॅजिस्ट्रेटची परवानगी पाहिजे. देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ ला आपल्या एका पोरीवर काय झालं ते विसरू नका. आणि कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही. वनखात्याचे लोक मात्र म्हणतात आम्ही पोलीस नाही, आमच्यापुढचा जबाब चालतो, आणि कोर्टं त्यांचं ऐकतात. म्हणून नाक्यावर जास्त सांभाळा. ठाण्यात मार बसतो, नाक्यावर चहा पाजून अंगठा घेतात.

जामिनाचं तर हसावं का रडावं कळत नाही. जामीनदार आणा, त्याचा सातबारा आणा, तहसीलचा ऐपतीचा दाखला आणा. अरे, सातबारा नाही म्हणून तर भांडण आहे! मग कोर्टाबाहेर भाड्याचा जामीनदार उभा असतो, त्याचा वेगळा भाव. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याकडे मध्य प्रदेशात दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ पण चालेना. सुप्रीम कोर्टाने त्याला त्याच्या स्वतःच्या हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. २००६ ला ते तेव्हाच्या फौजदारी संहितेच्या कलम ४३६ मध्येच आलं, जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस गरीब समजून जातमुचलक्यावर सोडावा. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हा विचारा: गुन्हा जामीनपात्र आहे का? दुसरा: जातमुचलक्याचा अर्ज देता का? "त्याच्यापेक्षा जामीनदार बघा" असं म्हणाला तर त्या जामीनदाराशी त्याचं काय नातं आहे तेही विचारा.

चॅप्टर केसला तर आपण वकील नेतच नाही. नोटीस आली की तहसीलदारापुढे जाऊन बॉन्डवर सही करून येतो. त्या बॉन्डचा अर्थ असा, की पेरणीला त्या शेतात पाऊल टाकलं आणि गार्डाने आरडाओरड केली, तर शांतता भंग. सहा महिने, वर्षभर शेत पडीक. पडीक पडलं की म्हणणार, बघा, कब्जा नाही.

हे पत्रक लातूरकडेही जातं. तिथले साथी म्हणतील आमच्याकडे जंगल कुठे आहे. बरोबर, तिकडे गायरान आहे. आणि गायरानावर पाल ठोकून, दोन एकर तूर पेरून राहणारा पारधी आहे. इंग्रजांनी १८७१ ला जो गुन्हेगार जमातीचा कायदा केला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, ठाण्यातून अजून गेला नाही. गावात चोरी झाली की पहिली गाडी पालावर. पण मला सांगायचं ते वेगळंच. अटकेच्या कागदावर पत्त्याच्या रकान्यात काय लिहितात ते वाचा. "राहणार फिरस्ता." एका शब्दात दोन कामं होतात. पक्का पत्ता नाही म्हणून जामीन अडतो. आणि पुढे १४ एप्रिल १९९० च्या आधीचं गायरानावरचं अतिक्रमण कायम करा म्हणून अर्ज केला, तर सरकारचाच कागद सांगतो की हा इथला नव्हताच. वकिलाने पहिल्याच दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहून सांगायला पाहिजे, साहेब, हा अमुक गावच्या गायरानावर इतकी वर्षं राहतो, रकाना दुरुस्त करा. चोरीच्या केसमध्ये गायरानाचं कामून बोलायचं, असं वाटणारा वकील आपल्याला नको. तुमच्या गावातल्या दलित साथींनाही हे सांगा, गायरानाच्या केसा त्यांच्यावरही होतात.

शेवटी आपल्याच कार्यकर्त्यांना. आपण कोमराम भीमाचं नाव घेतो. तो १९४० ला जोडेघाटला गोळी खाऊन पडला. १९५६ पर्यंत आपलं किनवट त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं, त्यामुळे तो आपल्या घरचा. त्याच्या वेळी जंगलचा कायदा आपल्याला हाकलण्यासाठीच होता. आज आपल्या बाजूचा कायदा लिहिलेला आहे न तो वाचून कोर्टात उभा राहणारा माणूस आपल्याजवळ नाही. मोर्च्याला ट्रक ठरवतो, माईक ठरवतो, वकील ठरवत नाही. अटक झाली की काही पुढाऱ्यांचे फोन बंद लागतात (नावं लिहीत नाही, त्यांना कळलं असेल). काकाच्या वेळी मी पोरगा होतो, मला कळत नव्हतं. ज्यांना कळत होतं ते पेढे खायला होते.

येत्या अमावस्येनंतरच्या पहिल्या बाजारच्या दिवशी सगळ्या गुड्यांची, पोडांची बैठक आहे. ज्यांच्यावर वनखात्याची केस झाली, सुटली, चालू आहे, दंड भरला, त्यांनी सगळे कागद घेऊन यावं. पावती, पंचनामा, समन्स, निकाल, जे असेल ते. निकाल नसेल तर कोर्टातून नक्कल काढायचा अर्ज तिथंच लिहून देऊ. तालुका कोर्टातल्या दोन वकिलांनी यायचं कबूल केलं आहे, त्यांना आधी शेतं दाखवायची आहेत. पाऊस पडायच्या आत.