स्मरणशक्तीच्या भरवशावरचे कुलूप

६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधील 'ओटू' या दूरसंचार कंपनीच्या तीन कोटींहून अधिक ग्राहकांच्या मोबाइलवरील इंटरनेट एकाएकी बंद पडले. त्याच दिवशी जपानमधील 'सॉफ्टबँक' कंपनीच्या ग्राहकांनाही तोच अनुभव आला. कोठे हल्ला झाला नव्हता, की समुद्रतळाची तार तुटली नव्हती. एरिक्सन कंपनीने पुरवलेल्या आज्ञावलीतील एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती, आणि ती संपणार आहे हे वेळेवर कोणाच्या ध्यानात आले नाही, एवढेच कारण! पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१९ मध्ये, अर्थसंकल्पावरील वादामुळे अमेरिकेतील सरकारी कचेऱ्या बंद राहिल्या तेव्हा तेथील ऐंशीहून अधिक शासकीय प्रमाणपत्रे मुदतबाह्य झाली. नूतनीकरण करणारा कर्मचारी घरी बसलेला, आणि कॅलेंडर काही कोणासाठी थांबत नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टची 'टीम्स' ही सेवा काही तास ठप्प झाली, त्याचेही कारण हेच.

ज्यांच्याकडे हजारो अभियंते आहेत, त्यांची ही कथा. मग तालुक्याच्या गावातील पतसंस्था, एखादी रक्तपेढी, प्रवेश अर्ज भरून घेणारे महाविद्यालय यांच्या संकेतस्थळांचे काय होत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. तेथे हे काम बहुधा एका होतकरू तरुणाकडे असते. तो नोकरीनिमित्त पुण्याला किंवा बंगळुरूला गेला, की प्रमाणपत्राची तारीखही त्याच्याबरोबर जाते. एके सकाळी सभासद संकेतस्थळ उघडतो आणि पडद्यावर लाल अक्षरांत धोक्याची सूचना झळकते. तो कार्यालयात दूरध्वनी करतो. पलीकडून उत्तर मिळते, "काही नाही हो, खाली 'पुढे जा' असे लिहिले आहे, ते दाबा!"

खरा अनर्थ या उत्तरात आहे. संकेतस्थळ दोन दिवस बंद राहिले तर फार तर गैरसोय होते. पण धोक्याच्या सूचनेकडे दुर्लक्ष करायला संस्थेनेच आपल्या सभासदाला शिकवले, तर उद्या खरोखरीचा भामटा मध्ये उभा राहील तेव्हाही तो सभासद निमूटपणे तेच बटण दाबील.

हे प्रमाणपत्र म्हणजे नेमके काय? संकेतस्थळाच्या पत्त्याआधी 'एचटीटीपीएस' ही अक्षरे असतात, त्यातील शेवटच्या 'एस'चे तीन अर्थ होतात. संगणक आणि सर्व्हर यांच्यातील संभाषण तिसऱ्याला वाचता येत नाही, वाटेत कोणी त्यात फेरफार केला तर तो पकडला जातो, आणि पलीकडे बोलणारा सर्व्हर त्याच पत्त्याचा आहे याची ग्वाही मिळते. ही ग्वाही ब्राउझरला ज्याच्यावर विश्वास आहे अशा प्रमाणन संस्थेने दिलेली असावी लागते. नेटस्केप कंपनीने ही पद्धत १९९५ च्या सुमारास रूढ केली. तथापि पुढची वीस वर्षे ती बँका आणि मोठ्या दुकानांपुरतीच राहिली, कारण दरवर्षी पैसे मोजा, अर्ज करा, ई-मेलवर आलेली फाइल योग्य जागी ठेवा, ही कटकट छोट्या माणसाला झेपणारी नव्हती. परिणामी साध्या संकेतस्थळांवरचा परवलीचा शब्दसुद्धा उघड्या पोस्टकार्डासारखा प्रवास करीत असे. २०१० साली एरिक बटलर या प्रोग्रामरने 'फायरशीप' नावाची छोटी जोडणी प्रसिद्ध करून दाखवून दिले, की हॉटेलातील मोफत वायफायवर शेजारच्या टेबलावरील माणसाचे खाते ताब्यात घ्यायला कसलेही पांडित्य लागत नाही. आपल्याकडे तर काही इंटरनेट सेवादाते ग्राहक पाहत असलेल्या पानात परस्पर आपल्या जाहिराती घुसडीत असत. कुलूप नसलेल्या घरात पाहुणे कोणत्याही दाराने येतात.

या स्थितीवर उपाय शोधला तो नफा न कमावणाऱ्या एका संस्थेने. मोझिलाचे जॉश आस व एरिक रेस्कोर्ला, 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन'चे पीटर एकर्स्ली आणि मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक ॲलेक्स हाल्डरमन यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियात 'इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप' स्थापन झाला. या संस्थेने नोव्हेंबर २०१४ मध्ये 'लेट्स एन्क्रिप्ट' या मोफत प्रमाणन संस्थेची घोषणा केली. पहिले प्रमाणपत्र सप्टेंबर २०१५ मध्ये निघाले, डिसेंबरपासून ते सर्वांना खुले झाले, आणि २७ फेब्रुवारी २०२० रोजी या संस्थेने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. देणग्यांवर चालणाऱ्या मोजक्या माणसांच्या संस्थेने हे साधले, याचे मर्म प्रमाणपत्र फुकट असण्यापेक्षा ते माणसाच्या हाताशिवाय मिळण्यात आहे. दर प्रमाणपत्रामागे एक कारकून बसवावा लागला असता, तर ते फुकट देणे कोणालाच परवडले नसते.

त्यांनी घडवलेल्या 'ॲक्मे' या संवादपद्धतीला मार्च २०१९ मध्ये अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. तिची रीत सोपी आहे. सर्व्हर म्हणतो, "अमुक पत्ता माझा आहे." प्रमाणन संस्था त्याला एक यादृच्छिक खूण देते आणि सांगते, "पत्ता तुझा असेल, तर ही खूण त्या पत्त्यावर ठरलेल्या जागी ठेवून दाखव." सर्व्हर ती ठेवतो, संस्था बाहेरून येऊन पाहते, आणि काही सेकंदांत प्रमाणपत्र हाती पडते. त्याची मुदत ९० दिवस ठेवली गेली ती जाणूनबुजून. तीन महिन्यांनी पुन्हा तेच करायचे म्हटले, की आळशी माणूसही ते काम यंत्रावर सोपवतो!

आता प्रश्न येतो जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या सर्व्हरचा. रायन डाल यांनी २००९ साली 'नोड.जेएस' आणल्यापासून असंख्य तरुणांनी आपल्या संस्थांची संकेतस्थळे त्यावर उभारली. भाषा आधीच ठाऊक असते, साधने फुकट असतात, आणि दहा-बारा ओळींत सर्व्हर चालू होतो. येथेच एक फसवी मेख आहे. बहुतेक शिकवण्यांत प्रमाणपत्राची फाइल सर्व्हर सुरू होताना एकदा वाचायला सांगितलेली असते. पुढे 'सर्टबॉट'सारखे साधन मुकाट्याने डिस्कवर नवे प्रमाणपत्र आणून ठेवते, पण चालू असलेला सर्व्हर स्मृतीतील जुनेच दाखवीत राहतो. फाइल पाहावी तर ताजी, आणि ब्राउझर म्हणतो मुदत संपली! रात्र रात्र डोके खाजवून शेवटी कोणीतरी सर्व्हर बंद करून चालू करतो, सारे सुरळीत होते, आणि कारण न कळताच तीन महिन्यांनी तोच खेळ पुन्हा सुरू होतो. वास्तविक नूतनीकरणानंतर सर्व्हरला नवे प्रमाणपत्र चालू स्थितीतच स्वीकारायला सांगण्याची सोय नोडमध्ये कित्येक वर्षांपासून आहे. ती वापरायची एवढेच.

दुसरी चूक अतिउत्साहाची. आजकाल सर्व्हर 'कंटेनर'मध्ये चालवण्याची पद्धत आहे. कंटेनर नव्याने उभा राहिला, की त्यातील जुन्या फाइल नाहीशा होतात. प्रमाणपत्र बाहेर कायमच्या जागी जपून ठेवले नाही, तर प्रत्येक प्रारंभाला सर्व्हर नवे मागतो. लेट्स एन्क्रिप्ट एकाच पत्त्यांच्या संचासाठी आठवड्यात पाच प्रमाणपत्रे देते. सहाव्या मागणीला नकार येतो, आणि तोही नेमका दुरुस्तीच्या धावपळीच्या दिवशी. यासाठीच तर त्या संस्थेने सरावाचा वेगळा सर्व्हर ठेवला आहे, पण तालमीशिवाय रंगमंचावर जाण्याची हौस आपल्याकडे जुनीच.

नोडच्या आतच हे काम करणारी 'ग्रीनलॉक'सारखी पॅकेजेस उपलब्ध आहेत. शिकणाऱ्यासाठी ती उत्तम. तथापि छोट्या संस्थेने कोणता मार्ग धरावा, असा प्रश्न असेल, तर उत्तर वेगळे द्यावे लागेल. दारावरचा पहारा वेगळ्याकडे द्यावा आणि घरातील कामे नोडने करावीत. 'कॅडी' नावाचा सर्व्हर प्रमाणपत्र आणणे, जपणे, मुदतीपूर्वी बदलणे हे सारे आपण होऊन करतो, त्याला फक्त पत्ता सांगावा लागतो. नोड त्याच्या मागे निर्धास्त राहतो, आणि ८० व ४४३ क्रमांकांच्या दारांसाठी नोडला सर्वाधिकार देण्याचा धोकाही टळतो. शिवाय पॅकेज लिहिणारा माणूसही कधीतरी थकतो. ॲक्मेची पहिली आवृत्ती जून २०२१ मध्ये कायमची बंद झाली, तेव्हा वर्षानुवर्षे न सुधारलेल्या पॅकेजांवर विसंबलेल्यांना हे अनुभवाने कळले.

आता टाळाटाळीला फारसा अवधी उरलेला नाही. प्रमाणन संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या संयुक्त मंचाने एप्रिल २०२५ मध्ये केलेल्या ठरावानुसार प्रमाणपत्राची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस ठरली आहे. पूर्वी ती ३९८ दिवसांची होती. हा नियम विकत घेतलेल्या प्रमाणपत्रालाही लागू आहे. म्हणजे "आम्ही पैसे भरतो, आमचे वर्षभर भागते" असे म्हणणाऱ्यांचीही सुटका नाही. मुदत संपण्याची आठवण देणारे लेट्स एन्क्रिप्टचे ई-मेलही जून २०२५ पासून थांबले आहेत.

"फुकटचे कुलूप कितपत मजबूत असणार?" अशी शंका सुशिक्षित मंडळीही घेतात. पैशांनी घेतलेल्या आणि मोफत मिळालेल्या प्रमाणपत्राच्या कूटलेखनात काडीचाही फरक नसतो. दुसरी शंका मात्र रास्त आहे. भामट्यालाही हे प्रमाणपत्र मिळते. पत्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशीच संभाषण चालू आहे, एवढेच ते सांगते. तो सज्जन आहे असे सांगत नाही. लोकांनी कुलपाच्या चिन्हालाच सचोटीचे प्रशस्तिपत्र मानले, म्हणून २०२३ साली क्रोमने ते चिन्हच बदलून टाकले. घरातील ज्येष्ठांना हा भेद तरुणांनी अवश्य समजावून द्यावा.

यापुढचा मुद्दा देशाशी निगडित आहे, आणि तो आवेशाने सुटणारा नाही. कोणत्या प्रमाणन संस्थेवर विश्वास ठेवायचा याची यादी ॲपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांच्या हाती आहे. या चारही संस्था अमेरिकेत आहेत, आणि लेट्स एन्क्रिप्टही तेथील कायद्याने बांधलेली. मार्च २०२२ मध्ये निर्बंधांमुळे रशियन संस्थांना प्रमाणपत्रांचे नूतनीकरण मिळेनासे झाले, तेव्हा त्या देशाने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र काढले. ते त्यांच्या यांडेक्स ब्राउझरने मानले, जगातील प्रमुख ब्राउझरांनी नाही. हा प्रसंग भारतावर कधीच येणार नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगावे?

पण दुसऱ्या बाजूला आपला स्वतःचा २०१४ चा धडाही विसरता येत नाही. त्या वर्षी जुलैमध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गुगलच्या काही पत्त्यांच्या नावे अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये नेमलेल्या प्रमाणन नियंत्रकांनी त्या केंद्राची मध्यस्थ प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली. चारच प्रमाणपत्रे चुकीची निघाली, असे सांगण्यात आले. गुगलला आणखी काही ठाऊक होती. परिणामी क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्राची मान्यता शासकीय पत्ते आणि इतर मोजक्या पत्त्यांपुरती मर्यादित केली. या निर्णयाला परकीयांचे कारस्थान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु २०११ साली नेदरलँड्समधील 'डिजिनोटार' या संस्थेची यंत्रणा फोडली जाऊन खोटी प्रमाणपत्रे निघाली, तेव्हा त्या युरोपीय संस्थेलाही कोणी दया दाखवली नाही. महिन्याभरात तिचे दिवाळे निघाले.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने स्वदेशी ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली. भारतीय प्रमाणन नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र त्या ब्राउझरच्या विश्वासयादीत असावे, ही तिची प्रमुख अट होती. मार्च २०२५ मध्ये झोहो कंपनीला पहिला पुरस्कार मिळाला. हे पाऊल योग्यच आहे, पण ते अर्धे आहे. आपल्या ब्राउझरमध्ये आपले प्रमाणपत्र चालले, तरी पुण्यातील उद्योजकाचे संकेतस्थळ शिकागोतील ग्राहक त्याच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये उघडणार. तेथे मान्यता हवी असेल, तर खुले लेखापरीक्षण, निघालेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची सार्वजनिक नोंद आणि चूक झाल्यास तत्पर कबुली, ही शिस्त वर्षानुवर्षे पाळावी लागते. ते अशक्य नाही. बंगळुरूच्या ईमुध्रा कंपनीची 'एमसाइन' ही मूळ प्रमाणपत्रे मोझिलाच्या यादीत गेली, ती याच मार्गाने.

उणीव आहे ती मोफत आणि स्वयंचलित अशा भारतीय प्रमाणन संस्थेची. ॲक्मे ही पद्धत कोणाच्या मालकीची नाही. लेट्स एन्क्रिप्टची सारी यंत्रणा ज्या 'बोल्डर' नावाच्या आज्ञावलीवर चालते, तिचा संपूर्ण मजकूर कोणालाही उतरवून घेता येतो. एखाद्या विद्यापीठाने, सी-डॅकसारख्या संस्थेने किंवा उद्योगपतींच्या एखाद्या न्यासाने मनावर घेतले, तर आज नोडच्या सर्व्हरवर बसवलेल्या स्वयंचलित यंत्रणेत उद्या फक्त प्रमाणन संस्थेचा पत्ता बदलावा लागेल. तोवर पतसंस्थेच्या त्या तरुणाने गाव सोडण्यापूर्वी एक संध्याकाळ काढून सर्व्हरच्या दारात कॅडी बसवावा, नूतनीकरणाची एकदा रंगीत तालीम करावी, आणि प्रमाणपत्राची साठवण कोठे आहे ते कार्यालयातील नोंदवहीत लिहून ठेवावे.