भरवसा शिक्क्याचा नको, कसोटीचा हवा

१८ ऑगस्ट २०२२. दहीहंडीच्या आदल्या दिवशी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली व काडतुसे सापडली. रायगडपासून मुंबईपर्यंत नाकाबंदी झाली. त्याच दिवशी गृहखाते सांभाळणारे देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात खुलासा केला. नौकेचे नाव ‘लेडी हान’, मालकीण ऑस्ट्रेलियन, प्रवास मस्कतहून युरोपकडे. २६ जूनला इंजिन बंद पडले, खलाशांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवले आणि खवळलेल्या समुद्रात नौका ओढून नेता आली नाही. पावसाळ्यातले जवळजवळ दोन महिने ती भरकटत राहिली आणि अखेर श्रीवर्धन तालुक्यात येऊन टेकली.

घातपाताचा संशय दूर झाला तसे लोक निर्धास्त झाले. पण शस्त्राचा विचार करणाऱ्याने एक प्रश्न इथे सोडून देऊ नये. दोन महिने खाऱ्या वाऱ्यात पडलेल्या त्या रायफली चालल्या असत्या का? बहुतेकांचे उत्तर तयार असते: एके आहे, चालणारच. या उत्तरात शस्त्राची परीक्षा कुठेच नाही, आहे ती फक्त नावाची कीर्ती. आणि नावाच्या कीर्तीवर विसंबलेल्यांना काय किंमत मोजावी लागते, हे या किनाऱ्याने साडेतीनशे वर्षांत अनेकदा पाहिले आहे.

आधुनिक रायफल अडते तेव्हा दोष पुष्कळदा नळीत किंवा घोड्यात नसतो, तो मॅगझिनमध्ये असतो. दिसायला मॅगझिन म्हणजे पत्र्याची नाहीतर प्लास्टिकची एक पेटी. आत एक स्प्रिंग, स्प्रिंगवर काडतुसे वर ढकलणारी पट्टी आणि तोंडाशी वरचे काडतूस धरून ठेवणाऱ्या दोन वळलेल्या कडा. एके जातीची रायफल मिनिटाला सुमारे ६०० गोळ्यांच्या वेगाने चालते, म्हणजे सेकंदाला दहा. मागे गेलेला बोल्ट पुढे झेपावण्याआधी, सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात, पुढचे काडतूस नेमक्या उंचीला, नेमक्या कोनात उभे असावे लागते. स्प्रिंग थकली की बोल्ट काडतुसाच्या डोक्यावरून रिकामाच निघून जातो. एखादी कड किंचित उघडली तर दोन काडतुसे एकदम वर येतात, दबली तर एकही सुटत नाही. पेटीला पोचा पडला की पट्टी मध्येच अडकते. आत गंज, वाळू किंवा मीठ साचले तर यांपैकी काहीही होऊ शकते. रायफलीचा स्वस्त, सतत आपटला जाणारा आणि वारंवार बदलला जाणारा भाग हाच. म्हणूनच मूळ कारखान्याबाहेरच्या उत्पादकांची मॅगझिन्स जगभर विकली जातात आणि ‘कंपनीचा पार्ट की लोकल?’ हा गॅरेजमधला प्रश्न तिथेही विचारला जातो.

आपल्याकडे ही बाजारपेठ नागरिकाला खुली नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांचे सुटे भागही येतात आणि स्वयंचलित रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाही. आपल्याकडचे खरे गिऱ्हाईक म्हणजे सरकार: सैन्य, निमलष्करी दले आणि पोलिस. निवड निविदेने होते. फसलेल्या निवडीचे ओझे मात्र ज्या शिपायाच्या हाती ते मॅगझिन येते त्याला वाहावे लागते, आणि निविदेच्या कागदावर त्याची सही कुठेच नसते.

बाहेरून घेतलेल्या शस्त्रावर किती विसंबायचे, हा प्रश्न या किनाऱ्याला नवा नाही. शिवाजी महाराजांना तोफा आणि दारूगोळा यांसाठी टोपीकरांशी, म्हणजे युरोपीयांशी, व्यवहार करावाच लागला. सुरतेच्या फ्रेंचांकडून त्यांनी तोफा आणि बंदुकींसाठी शिसे खरेदी केले. पण विकणारा आपला मित्र नसतो, हे त्याआधीच कळून चुकले होते. १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर वेढ्यात अडकले असताना राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन वेढा घालणाऱ्या सिद्दी जौहरच्या मदतीला गेला आणि इंग्रजी निशाण लावून गडावर मारा झाला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटून इंग्रजांना कैद केले. पुढे त्यांच्याशी बोलणीही झाली, व्यापारही झाला. महाराजांनी बाहेरचा माल नाकारला नाही, मात्र मालाबरोबर विक्रेत्यावर भरवसा टाकण्याची चूकही केली नाही.

या अनुभवाला नियमाचे रूप दिले रामचंद्रपंत अमात्यांनी. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांचे बळ आरमार, तोफा आणि दारूगोळी यांत आहे हे ते स्पष्ट ओळखतात आणि त्यांना किनाऱ्यावर पाय रोवू देऊ नये असे बजावतात. त्याच ग्रंथात गडावरच्या दारूखान्याविषयी जे लिहिले आहे ते आजच्या शस्त्रागाराच्या भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचे आहे. दारूखाना घरांपासून दूर असावा, तळघर गच्ची करून पक्के असावे, दारू जमिनीला न टेकवता माचावर ठेवावी, सर्दी लागू देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण, होके (हाताने फेकायचे दारूचे गोळे) बाहेर काढावे, ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे. ठरलेली मुदत, नेमलेला जबाबदार माणूस, प्रत्यक्ष तपासणी आणि तपासणीनंतरच शिक्का, हा तो क्रम आहे. आपण आज बहुधा उलटे करतो. शिक्का पाहतो आणि तपासणी झाली असेल असे धरून चालतो.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. उत्तरेच्या तटावर गाड्यांवर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा दिसतात. जवळ जाऊन पाहिले तर ‘डॉसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड’ अशी अक्षरे वाचता येतात. पर्यटक त्या अक्षरांचा फोटो काढून पुढे जातात. पण अशा ओतीव तोफांच्या काळात इंग्लंडचे युद्धखाते कारखान्याच्या नावावर माल घेत नव्हते. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून तोफ डागली जाई, मग नळीत दाबाने पाणी सोडून कुठे पाझर दिसतो का ते पाहिले जाई, उजेड पाडून आतल्या पोकळ्या शोधल्या जात आणि तोफ नापास झाली की ती परत जाई. स्कॉटलंडच्या नामांकित कॅरन कारखान्याला याचा दणका बसला. त्याच्या तोफा फुटू लागल्या तेव्हा १७७३ मध्ये त्याचे सरकारी काम काढून घेण्यात आले. त्याच कारखान्याने ओतकाम सुधारले आणि काही वर्षांतच ‘कॅरोनेड’ ही आखूड तोफ काढली. ती पुढे ब्रिटिश आरमाराने मोठ्या प्रमाणावर वापरली. कसोटीत पडला तेव्हा नाव उपयोगी आले नाही आणि कसोटीत उतरला तेव्हा जुनी बदनामी आड आली नाही.

अगदी असेच आपल्या काळात मॅगझिनच्या बाबतीत घडले. अमेरिकी मरीन कोअरने २०१२ मध्ये बाहेरच्या कंपन्यांची प्लास्टिकची मॅगझिन्स वापरायला मनाई केली. सैनिकांत नाराजी झाली, कारण त्यांतल्या मॅगपुल कंपनीच्या ‘पीमॅग’वर अनेकांचा विश्वास होता. पुढे चाचण्या झाल्या आणि २०१६ च्या अखेरीस त्याच कंपनीच्या सुधारित आवृत्तीला मरीन कोअरने मान्यता दिली. बंदीच्या वेळी सैनिकांचा अनुभव पुरेसा धरला गेला नाही आणि मान्यतेच्या वेळी कंपनीची जाहिरात विचारात घेतली गेली नाही. निवाडा दिला तो मोजमापाने.

आता घरच्या उदाहरणाकडे येऊ. ‘इन्सास’ रायफल पुण्यात पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेत जन्मली. तिचे वीस काडतुसांचे अर्धपारदर्शक प्लास्टिकचे मॅगझिन सोयीचे होते, कारण किती गोळ्या उरल्या ते बाहेरूनच दिसे. १९९९ च्या कारगिल युद्धात, उंचावरच्या थंडीत, तीच मॅगझिन्स तडकल्याच्या तक्रारी आल्या. पुढे सुधारणा झाल्या. २००५ मध्ये नेपाळी सैन्याने माओवाद्यांशी झालेल्या कालिकोटच्या लढाईनंतर याच रायफलीला दोष दिला आणि भारताच्या बाजूने वापराच्या पद्धतीकडे बोट दाखवले गेले. या रायफलीला सरसकट मोडीत काढणे अन्यायाचे होईल, लाखो जवानांनी ती वर्षानुवर्षे वापरली आहे. पण नमुना पास होणे आणि लाखांच्या खेपेतला प्रत्येक नग टिकणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर भरून काढण्याचे काम खेपेगणिक तपासणीचे आहे. तो नग देशी आहे की परदेशी, यावरून ते अंतर कमी-जास्त होत नाही. विदेशी म्हणून झुकणे जितके चूक, तितकेच स्वदेशी म्हणून डोळेझाक करणे चूक.

डोळेझाक किती महाग पडते? २०२० मध्ये सैन्याच्या एका अंतर्गत अहवालाच्या बातम्या आल्या. २०१४ पासून सदोष दारूगोळ्यामुळे ९६० कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे त्यात म्हटले होते. आयुध निर्माणी मंडळाने ते मान्य केले नाही आणि बऱ्याच अपघातांची कारणे दुसरी असल्याचे सांगितले. वाद चालू राहिला, कारण बनवणारा एक आकडा सांगतो, वापरणारा दुसरा, आणि दोघांनी मान्य करावी अशी स्वतंत्र नोंद समोर नसते. २०२१ मध्ये मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. पाट्या बदलल्या, पण ही नोंद कोण ठेवणार हा प्रश्न तसाच आहे.

तपासणी हवी म्हणताना तपासणाऱ्याकडेही पाहिले पाहिजे. १९९३ च्या जानेवारीत दिघीला शस्त्रे उतरली, फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरले आणि १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. या किनाऱ्यावर पहारा नव्हता असे नाही. पहाऱ्यावरचेच काही विकले गेले होते, आणि सीमाशुल्क व पोलिस खात्यांतल्या काहींना न्यायालयाने शिक्षा दिली. तपासनीस विकत घेता येत असेल तर उत्तमातली उत्तम चाचणीही कागदाचा कपटा ठरते.

मग मॅगझिनवर भरवसा कसा ठेवायचा? पहिली गोष्ट हिशेबाची. सरावात एक-दोन मॅगझिन्स न अडता रिकामी झाली की ‘चांगले आहे’ असा शेरा पडतो. पण गोळी अडण्याचे प्रमाण हजारात एकापेक्षा कमी आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे असेल, तर सुमारे तीन हजार गोळ्या एकदाही न अडता सुटाव्या लागतात. तीस गोळ्यांनी फारच थोडे सिद्ध होते. दुसरी गोष्ट नोंदीची. प्रत्येक मॅगझिनला स्वतःचा क्रमांक असावा आणि प्रत्येक अडथळा त्या क्रमांकासमोर लिहिला जावा. एकच मॅगझिन दोन वेगळ्या रायफलींत अडले तर दोष मॅगझिनचा, एकच रायफल अनेक मॅगझिन्सवर अडली तर दोष रायफलीचा. हा निवाडा कोणताही आर्मोरर वहीत पाहून करू शकतो, वही असेल तर. तिसरी गोष्ट विभागणीची. सरावाची मॅगझिन्स वेगळी आणि ड्युटीची वेगळी असावीत, आणि ड्युटीचीही ठराविक मुदतीने भरून प्रत्यक्ष झाडून पाहावीत.

चौथी गोष्ट खास या किनाऱ्याची. मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत गस्त घालणाऱ्या पोलिसाचे शस्त्र लाटांचे तुषार, चार महिन्यांचा पाऊस आणि वर्षभराची दमट हवा खाते. कोरड्या मैदानावर पास झालेले मॅगझिन इथे पास झाले असे समजू नये. खरेदीच्या अटींत मिठाच्या धुक्याची चाचणी, भरलेल्या अवस्थेत उंचावरून पाडण्याची चाचणी आणि चिखल-वाळूची चाचणी हवी, आणि ती नमुन्यापुरती न राहता प्रत्येक खेपेतून उचललेल्या नगांवर व्हावी. सर्वांत कमी दराच्या, आपल्या भाषेत एल-वनच्या, निविदेचा विचार या चाचणीनंतर सुरू व्हावा. चाचणी करणारा माणूस बनवणाऱ्याच्या आणि खरेदी करणाऱ्याच्या, दोघांच्याही हाताखालचा नसावा. निकाल, गोपनीय तपशील वगळून, विधिमंडळापुढे यावा.

या साऱ्याला पैसे लागतात आणि दारूगोळाही लागतो. २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या सरावातल्या आणि दारूगोळ्यातल्या उणिवांकडे लक्ष वेधले होते. सरावालाच गोळी नसेल तर चाचणीला कुठून येणार? म्हणून ही मागणी शस्त्रागाराकडे नाही, अर्थसंकल्प करणाऱ्यांकडे आहे. नव्या रायफलींच्या घोषणेला टाळ्या पडतात, त्यांच्या मॅगझिन्सच्या तपासणीच्या तरतुदीला पडत नाहीत. तरी ती तरतूद करावी. आठ-पंधरा दिवसांनी दारू उन्हात काढायची आणि मगच शिक्का मारायचा, हा नियम तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्याने घालून दिला. आजच्या राज्याने त्याहून कमी काळजी घेतली, तर त्याला कोणतेही कारण पुरणार नाही.