जुन्या भिंती, ताजं ताट

हिंगोलीत पाहुणे आले की जेवायला कुठं न्यायचं, हा प्रश्न हल्ली घरोघरी पडतो. ढाबे आहेत, फॅमिली रेस्टॉरंटं आहेत. पण गप्पा मारत निवांत जेवावं अशी जागा शोधावी लागते. म्हणून या अंकाचा विषय आहे: जुन्या वास्तूतलं छोटेखानी उपाहारगृह.

पॅरिसच्या ‘बिस्त्रो’चं नाव अशाच जागांमुळे झालं. मोजकी टेबलं, फळ्यावर खडूनं लिहिलेले आजचे पदार्थ आणि लाकूड वाफेवर वाकवून केलेल्या खुर्च्या. व्हिएन्नाच्या टोनेट कारखान्यानं १८५९ साली काढलेली ही खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटी केली की घनमीटरभर पेटीत छत्तीस मावत. त्याच घाटाच्या खुर्च्या मुंबईच्या इराणी हॉटेलांत आल्या. धोबी तलावच्या जेर महालात १९०४ पासून चालणाऱ्या कयानीत आजही त्यांवर बसून बन-मस्का चहात बुडवता येतो.

हिंगोली ही निजामकालीन छावणी. आपल्याकडचे जुने वाडे पाडून कॉम्प्लेक्स उभे राहत असताना हा विषय लांबणीवर टाकणं आम्हाला परवडणारं वाटलं नाही. रिकामी पडलेली वास्तू चुलीमुळे जगू शकते का, तिथं ज्वारीची भाकरी आणि ठेचा मानानं मिळेल का आणि हिशेब जुळेल का, याचा शोध पुढच्या पानांत आहे.

आपल्या हिंगोली, वसमत, कळमनुरीतली अशी एखादी वास्तू तुम्हाला ठाऊक असेल, तर फोटोसह जरूर कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.