खुपरीचा जंतू कोणत्या देशाचा?

१/ आपल्या आजी-पणजीच्या पिढीला ‘खुपरी’ हा शब्द चांगला परिचित होता. वैद्यकात या रोगास ट्रॅकोमा म्हणतात. संसर्ग वारंवार झाला की पापणीच्या आतील बाजूस व्रण पडतात, पापणी आत वळते, तिचे केस बुबुळावर घासत राहतात आणि अखेरीस दृष्टी जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या उरला नसल्याचे मान्य केले. त्यामागचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

२/ १९०७. डच सत्तेखालील जावा बेट. हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक हे संशोधक रुग्णांच्या डोळ्यांतील स्राव ओरांगउटानांच्या डोळ्यांत घालतात आणि पेशींत त्यांना सूक्ष्म कण दिसतात. दिशा अचूक होती. परंतु तो जंतू प्रयोगशाळेत वाढवणे पुढे जवळजवळ अर्धशतक कोणासही साधले नाही.

३/ १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील रॉकफेलर संस्थेत काम करणाऱ्या हिदेयो नोगुची या जपानी शास्त्रज्ञाने भलत्याच जिवाणूस दोषी ठरवले. त्यांच्या नावाचा दबदबा मोठा होता. चीनमधील थांग फेइफान यांनी तो जिवाणू स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिला. खुपरी झाली नाही.

४/ थांग यांचे शिक्षण चीन आणि हार्वर्ड येथील. संशोधनानिमित्त ते लंडनमध्येही राहिलेले. १९५० च्या दशकात पेकिंगमध्ये त्यांनी खरा जंतू कोंबडीच्या भ्रूणयुक्त अंड्यात वाढवला. पेनिसिलिनने हा जंतूच खुरटतो. म्हणून सोबतचे इतर जीवाणू मारण्यासाठी स्ट्रेप्टोमायसिन वापरणे निर्णायक ठरले. १९५७ मध्ये निष्कर्ष इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पुढे पुराव्यासाठी त्यांनी तो जंतूही स्वतःच्या डोळ्यात घातला आणि सुमारे चाळीस दिवस उपचार घेतले नाहीत.

५/ शीतयुद्ध ऐन भरात असताना थांग यांचा नमुना लंडनच्या लिस्टर संस्थेत पोहोचला. तेथील कॉलियर यांनी गॅम्बियातील रुग्णांपासून तसाच जंतू वेगळा केला आणि १९५८ मध्ये या शोधावर स्वतंत्र शिक्कामोर्तब झाले.

६/ त्याच वर्षी चीनमधील राजकीय मोहिमेत थांग यांची जाहीर मानहानी झाली. ३० सप्टेंबर १९५८ रोजी त्यांनी आपले जीवन संपवले.

७/ म्हणूनच ‘विज्ञानाला सीमा नसतात’ हे वचन मला अर्धे वाटते. ज्ञानाने सीमा ओलांडली. ते देणारा माणूस सीमेच्या आतच सापडला. सहकार्याचा गौरव करताना त्याची किंमत कोणी मोजली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

८/ कोणी म्हणेल, जावातील ती मोहीम तरी कुठे निर्मळ होती? आक्षेप रास्त आहे. साम्राज्यांनी आखलेल्या वाटांवरूनच ते विज्ञान चालले. पण ‘शोध आमच्याच देशाचा’ हा अट्टहासही तितकाच आंधळा. थांग यांचे काम टिकले, कारण ते इतरांच्या हाती सोपवलेले होते, तपासले गेलेले होते.

९/ खुपरीविरुद्ध आज जगभर सामूहिक उपचारात दिले जाणारे अझिथ्रोमायसिन १९८० मध्ये झाग्रेबला, तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, तयार झाले. तो देश आता नकाशावर नाही. औषध मात्र आहे. कोणत्याही विजयाची यादी वाचताना एवढे विचारावे : हे ज्ञान कोणाच्या हातून इथवर आले, आणि त्या हातांचे पुढे काय झाले?