शंभर डॉलरची चकती

टेक्सासला आलेला आपला मराठी इंजिनियर आधी सेकंडहँड कॅमरी घेतो. मग घर होतं, घरामागे लॉन येतं, आणि एक दिवस दारात पिकअप उभा राहतो. बहुतेक वेळा एफ-१५० नाहीतर सिल्व्हराडो. इथवर माझी काही तक्रार नाही, ज्याची त्याची हौस. तक्रार आहे ती पंधरा दिवसांनी सुटणाऱ्या खाजेबद्दल: "अरे, ट्रकचं नाक खाली दिसतंय, लेव्हल करून घेतो."

मंडळी, नाक खाली दिसतं कारण ते खालीच आहे, आणि मुद्दाम तसं ठेवलंय. रिकाम्या पिकअपची मागची बाजू पुढच्यापेक्षा साधारण एक ते अडीच इंच उंच असते. हौद्यात सामान भरलं किंवा ट्रेलर जोडला की मागची बाजू बसते आणि गाडी सरळ होते. हा बग नाही, स्पेसिफिकेशन आहे. त्यामुळे दर वीकएंडला बोट किंवा ट्रेलर ओढणाऱ्याने पुढच्या सस्पेन्शनला हातच लावू नये. रिकामा असताना सरळ दिसणारा ट्रक वजन पडलं की मागे बसणार आणि नाक आभाळाकडे करणार. पुढच्या चाकांवरचं वजन कमी झालं की स्टिअरिंगही हलकं लागतं.

पण बहुतेकांच्या हौद्यात कॉस्टकोच्या पिशव्यांपलीकडे काही जात नाही हे मलाही माहीत आहे. मग करा लेव्हल. पण कसं? इथेच खरी गंमत आहे. कारण पद्धत ट्रक बघून निवडली जात नाही, गॅरेजवाल्याची सोय बघून निवडली जाते.

सगळ्यात खपणारी पद्धत म्हणजे स्ट्रटच्या डोक्यावर बसवायची चकती, म्हणजेच स्पेसर. शंभरेक डॉलरला मिळते. ती लोकप्रिय का? कारण स्प्रिंग दाबून स्ट्रट उघडायची भानगड नाही. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीवावर बेतू शकतं, म्हणून ते काम कुणालाच नको असतं. चार नट काढा, चकती ठेवा, नट आवळा, झालं.

आता हिशोब बघा. स्ट्रट लोअर कंट्रोल आर्मच्या साधारण मधोमध बसतो आणि चाक टोकाला असतं. म्हणून एक इंचाच्या चकतीने नाक जवळपास दोन इंच वर जातं. पण चकतीमुळे अख्खा स्ट्रटच खाली सरकतो. मोठ्या खड्ड्यात चाक पूर्ण खाली लोंबतं तेव्हा ते कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्याही दोन इंच खाली जातं. तिथे वरचा बॉल जॉइंट त्याच्या शेवटच्या कोनाला टेकतो, फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर सीव्ही जॉइंट वाकडा होऊन फिरतो, आणि काही ट्रक्समध्ये वरचा आर्म स्प्रिंगला घासतो. हा शुद्ध हॅक आहे. वरून आउटपुट बरोबर दिसतं, आत बाउंडरी कंडिशन मोडलेली असते.

दुसरी पद्धत म्हणजे स्प्रिंगची बैठक वर उचलणं. बिल्स्टाइन ५१०० सारख्या शॉकच्या अंगावर खाचा असतात. त्यातली रिंग वरच्या खाचेत बसवली की स्प्रिंग उंचावर बसते. चाकाची खालची मर्यादा चकतीसारखी ढकलली जात नाही. किंमत मोजावी लागतेच. चाक आधीच त्या मर्यादेच्या जवळ आलेलं असतं, त्यामुळे खाली जायला जागा कमी उरते आणि जास्त उचललंत तर स्पीडब्रेकर उतरताना 'ठक्' ऐकू येतं. म्हणून दीड इंचावर थांबा. काही शेकडा डॉलर आणि वर मजुरी जाईल, पण नवा शॉकही मिळेल.

सिल्व्हराडो २५००एचडीला पुढे टॉर्शन बार आहेत. तिथे बोल्ट पिळला की नाक वर येतं, पण तीच किंमत मोजून. रॅम २५०० ला पुढे सॉलिड अ‍ॅक्सल आहे, त्यामुळे तिथे ही सगळी चर्चाच वेगळी. म्हणजे "लेव्हल किट कुठलं घेऊ?" या प्रश्नाला, ट्रकच्या खाली वाकून बघितल्याशिवाय, उत्तरच नाही.

तुम्ही म्हणाल, इतके लोक चकत्या टाकून फिरतात, त्यांचं काय बिघडलं? अहो, ते ऑफिस ते मॉल फिरतात. त्या रस्त्यावर चाक कधी पूर्ण लोंबतच नाही. दोन टेस्ट केस पास झाल्या म्हणून कोड बरोबर आहे, असं तुमच्या ज्युनियरने सांगितलं तर तुम्ही ऐकून घ्याल का?

आणि कुठलीही पद्धत घ्या, दोन गोष्टी न करता गाडी रस्त्यावर काढू नका. पहिली, अलाइनमेंट. नाक वर गेलं की कॅम्बर-कास्टर बदलतात, आणि नवे टायर एका बाजूने झिजले की शंभर डॉलरची बचत कुठे जाते ते कळतं.

दुसरी, हेडलाइट. ही मात्र हटकून विसरली जाते. एफ-१५० च्या चार दारांच्या नेहमीच्या मॉडेलचा व्हीलबेस सुमारे १४५ इंच. पुढून दोन इंच उचललं तर शंभर फुटांवर झोत सोळा इंचांहून जास्त वर जातो. आठवीचं गणित आहे. ते सोळा इंच म्हणजे समोरून सिव्हिकमध्ये येणाऱ्या माणसाचे डोळे. हेडलाइट खाली करायला एक स्क्रू, एक भिंत आणि दहा मिनिटं लागतात.

नॉर्थ कॅरोलिनाने २०२१ मध्ये, पुढचं फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच करण्यावर बंदी घातली. ती मुद्दाम नाक वर, शेपूट खाली करणाऱ्यांसाठी आहे, लेव्हल करणाऱ्यांसाठी नाही. पण दोन इंचांचं गणित कायद्याची वाट बघत नाही.

हौस तुमची आहे, ट्रक तुमचा आहे, पैसेही तुमचेच आहेत. रस्ता मात्र सगळ्यांचा आहे. तेव्हा चकती घेण्याआधी गॅरेजवाल्याला एकच विचारा: "चाक पूर्ण खाली गेल्यावर बॉल जॉइंट कुठे असेल?" तो खांदे उडवू लागला, तर किल्ली घ्या आणि घरी जा.