दोष गादीचा, शिक्षा चादरीला

उन्हाळ्यात अंथरुणात उकडते, याचे खापर बहुतेक घरांत चादरीवर फोडले जाते. मे महिना लागला की कापडाच्या दुकानात ‘गार वाटेल अशी’ चादर मागितली जाते. दुकानदार कापड बोटांत चोळून दाखवतो, त्याचा थ्रेड काउंट सांगतो आणि आकडा चढेल तशी किंमतही चढवतो. चादरीचा थर मात्र अर्ध्या मिलिमीटरचाही नसतो. तिच्याखाली चार-सहा इंचांची गादी असते, आणि उष्णता अडते ती त्या गादीत.

झोपलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून साधारण ७० ते ८० वॉट उष्णता सतत बाहेर पडत असते. झोप लागताना शरीराचे आतले तापमान अंशभर उतरावे लागते. त्यासाठी हातापायांच्या त्वचेकडे रक्त वाढते आणि तिथून उष्णता सोडली जाते. उन्हाळ्यात तळपाय पांघरुणाबाहेर काढावेसे वाटतात ते यामुळेच. खोलीतली हवा त्वचेपेक्षा बरीच गार असेल तर ही उष्णता हवा वाहून नेते. पण हवाच ३५ अंशांच्या घरात असेल तर सगळा भार घामावर येतो. एक लिटर घाम सुकताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता सोबत नेतो. त्या हिशेबाने तासाला शंभर-सव्वाशे ग्रॅम घाम नुसता येऊन भागत नाही, तो सुकावा लागतो. म्हणून अंथरुणाकडून दोनच कामे मागायची: अंगाखालून हवा खेळू देणे, आणि ओल टिपून ती सोडून देणे. ‘थंड’ असणे हे अंथरुणाचे कामच नाही.

पहिला पूर्वपक्ष थ्रेड काउंटचा. आकडा जितका मोठा तितकी चादर तलम, आणि तलम तितकी गार, असे मानले जाते. हा आकडा म्हणजे एका चौरस इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांची बेरीज. साध्या सुताने चौरस इंचात चारशेच्या वर धागे बसवणे अवघड जाते. त्यामुळे आठशे-हजारचे आकडे बरेचदा पिळाच्या धाग्यातला प्रत्येक पदर वेगळा मोजून गाठले जातात. आणि खरोखरच इतके धागे दाटीने बसवले, तर दोन धाग्यांमधली फट बुजते, म्हणजे हवेची वाटच बंद होते. सॅटिनच्या विणीत एक धागा तीन-चार धाग्यांवरून जातो. कापड झुळझुळीत होते, पण घामेजल्या पाठीला लपेटून बसते. उन्हाळ्यासाठी दोनशे ते तीनशेच्या आसपासची, साध्या विणीची सुती चादर पुरते. जुनी, धुऊन धुऊन खळ गेलेली असेल तर आणखी चांगली, कारण नव्या चादरीची खळ घाम टिपू देत नाही.

दुसरा पूर्वपक्ष जास्त महागडा आहे: ‘कूलिंग’ गादी. मेमरी फोम हा १९६० च्या दशकात नासासाठीच्या कामातून, विमानातल्या आसनांकरिता निघालेला पदार्थ. तो अंगाच्या उबेने मऊ पडतो आणि शरीराचा आकार घेतो, हाच त्याचा गुण. उन्हाळ्यात हाच दोष ठरतो, कारण माणूस त्यात रुततो आणि पाठीबरोबर कुशीकडची हवाही कोंडते. त्यावर उतारा म्हणून जेलचा थर येतो. दुकानात त्यावर तळवा ठेवला की गार लागतो, यात खोटे काही नाही. फरशीही तशीच गार लागते. पण जेलच्या थरात उष्णता साठवण्याची मर्यादा असते, आणि खाली फोम असल्याने पुढे जायला वाट नसते. थोड्या वेळात थर अंगाइतकाच तापतो.

त्याहून पुढचा माल म्हणजे वितळताना उष्णता शोषून घेणारे मेणासारखे पदार्थ भरलेली आवरणे. त्यांचे शास्त्र खरे आहे. अशा पदार्थाचा एक किलो वितळताना साधारण २०० किलोज्यूल उष्णता घेतो. गादीकडे वीसेक वॉट उष्णता जाते असे धरले, तर आवरणातला अर्धा किलो पदार्थ तास-दीड तासात संपूर्ण वितळतो. तेवढ्यात डोळा लागला तर फायदाच. पण दुसऱ्या रात्री उपयोगी पडायला तो दिवसा पुन्हा गोठला पाहिजे, आणि त्याचा वितळणबिंदू साधारण २८ ते ३२ अंशांच्या दरम्यान असतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या घरात पलंगावरची गादी दुपारभर ३५ अंशांच्या वर असते. तिथे तो पदार्थ गोठणार कधी? थंड देशांतल्या खोल्यांसाठी आखलेली वस्तू विदर्भात विकली की रात्री उरतो तो तिचा भाव.

बांबूच्या चादरींबद्दल फार लिहायला नको. ‘बांबू’ म्हणून मिळणारे मऊ कापड बहुतेक वेळा बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला व्हिस्कोस असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ पासून अशा जाहिरातींवर कारवाया केल्या आहेत. व्हिस्कोस ओल टिपतो, पण सावकाश सुकतो. पांढरी चादर गार, हा समज तर अंधारात टिकतच नाही, कारण रंगाचा फरक पडतो तो उन्हात.

आता दुसऱ्या टोकाचा दावा. ‘आपल्या वाडवडिलांना सगळे ठाऊक होते, सुती गादी आणि सोलापुरी चादर म्हणजे गारवा’, असे कौतुकाने सांगितले जाते. सोलापुरी चादर जाड, घट्ट विणीची, ऊब देण्यासाठीच केलेली. उन्हाळ्यात तिचा मान ती घडी करून ठेवण्यात आहे. कापसाची गादी नवी असताना बरी. वर्ष-दोन वर्षे पिंजारी फिरकला नाही की कापूस दबून गठ्ठा होतो, घाम पितो आणि उन्हे दाखवल्याशिवाय सोडत नाही. वाडवडिलांचे खरे शहाणपण गादीत नव्हते, उन्हाळ्यापुरती गादी गुंडाळून ठेवण्यात होते. अंगणात सुंभाची बाज टाकायची, वर फार तर एक धोतर किंवा जुने लुगडे. बाजेला खालून-वरून वारा लागतो. इतके हवेशीर अंथरूण आजही बाजारात नाही. सुंभातले ढेकूण आणि झोळ पडून आखडणारी पाठ मात्र या कौतुकातून सोयीस्करपणे वगळली जाते.

बाज नको असेल तर तेच तत्त्व दुसऱ्या रीतीने साधते. गवताची किंवा वेताची चटई गादीवर अंथरली की अंग आणि गादी यांच्यात हवेचा पातळ थर राहतो. बांगलादेशात सिल्हेटकडे याच कामासाठी शीतलपाटी नावाची चटई विणतात. २०१७ मध्ये युनेस्कोने त्या कलेची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशात केली. प्लास्टिकची चटई दिसायला तशीच असली तरी ती ओल टिपत नाही, घाम तिच्यावर तसाच राहतो. गादी घ्यायचीच असेल तर काथ्याची किंवा स्प्रिंगची घ्यावी. दोन्हींत हवेला जागा असते. पलंगाला सलग प्लायवूडऐवजी पट्ट्या असतील तर उत्तम.

आणि या सगळ्यावर पाणी फिरते ते एका थराने. नव्या गादीचे प्लास्टिक ‘खराब होऊ नये’ म्हणून वर्षानुवर्षे काढत नाहीत, किंवा पोरांच्या भीतीने वॉटरप्रूफ आवरण घालतात. त्यावर कितीही उंची सुती चादर अंथरा, घाम चादरीपर्यंत जातो आणि अडतो. चादर बदलण्याआधी ती उचलून खाली काय आहे ते पाहावे.

प्रदेशाचा भेद न करता दिलेला सल्लाही असाच फसतो. ओली करून पिळलेली चादर पांघरून झोपणे विदर्भात कामाचे आहे, कारण तिथली हवा कोरडी असते आणि ओल भराभर उडते. मुंबई-रत्नागिरीत हवेतच पाणी असते, चादर पहाटेपर्यंत ओलीच राहते. तिथे मलमलीसारखे विरळ कापड आणि सतत फिरणारा पंखा हाच मार्ग. उलट कोरड्या उष्म्यात ‘पांघरूणच नको’ हेही चूक. पंख्याची हवा त्वचेहून गरम असेल तेव्हा एक पातळ सुती पांघरूण झळ अडवते.

शेवटचा आक्षेप असा की एसी असताना या चर्चेची गरजच काय. एसी वरची हवा गार करतो. फोमच्या गादीत रुतलेल्या पाठीपर्यंत ती पोचत नाही. पाठ घामेजते म्हणून आकडा १८ वर आणला जातो, मग पोट गारठते म्हणून दुलई काढली जाते. तीच खोली, गादीवर चटई आणि अंगावर दोहर असेल तर २६ अंशांवर आणि पंख्यावर भागते. वीजबिल उतरते ते वेगळेच, आणि मध्यरात्री वीज गेली तरी अंगाखालची हवा चालूच राहते.